नामा, ती बॅटरी मी पाहिली होती

नामा, तुला जाऊन आज बारा दिवस झाले आणि मला अजून रडू आलेलं नाही. येते ती शिसारी. जेवायला बसलो की येते, गाडीचं बॉनेट उघडलं की येते, दाढी करताना आरशात स्वतःचं थोबाड दिसलं की येतेच. काही लोकांची येते, थोडी तुझीही येते, आणि सगळ्यांत जास्त माझी. कुणाची किती याची वाटणी करायला मी बसलेलो नाही. आठ वर्षांत तुझ्याशी जे बोललो नाही तेवढं बोलायचं आहे.

आपली पहिली भेट तुला आठवत असेल. दुसरी मोठी लढाई संपून पाच-सहा वर्षं झाली होती. मी करमाळ्याकडून आलो होतो आणि चाकणच्या धर्मादाय दवाखान्याच्या गाडीवर नुकताच ड्रायव्हर म्हणून लागलो होतो. गाडी म्हणजे लष्करानं लिलावात काढलेली जुनी व्हॅन. आत एक बाक आणि एक स्ट्रेचर टाकून तिची रुग्णगाडी केलेली. दर तीन-चार दिवसांनी सकाळी सेल्फ मारला की ती नुसती कण्हायची. मग हँडल मारा, नाहीतर बाजाराला आलेल्या लोकांना हाका मारून धक्का द्या. मी ती घेऊन चिंचवडला मुंबई रस्त्यावर भाऊसाहेबांच्या गॅरेजात जायचो. भाऊसाहेब आमच्या दवाखान्याच्या कमिटीवर होते, त्यामुळं दुसरीकडं जायचा प्रश्नच नव्हता. तिथला फोरमन बॅटरी काढायचा, चार्जिंगला लावायचा, परत बसवायचा आणि प्रत्येक वेळी तेच सांगायचा, बॅटरी म्हातारी झाली.

तू मागच्या बाजूला पत्र्याच्या आडोशाला बसायचास. अ‍ॅसिडनं चाळणी झालेला सदरा, अर्धी खाकी चड्डी, आणि पुढ्यात उघडी पडलेली एक बॅटरी, पोट फाडलेल्या बोकडासारखी. तो वास पहिल्या दिवशी माझ्या नाकात गेला तो आजपर्यंत गेला नाही. सडक्या अंड्यांचा, डांबराचा आणि आंबट धुराचा. मी नाकाला रुमाल लावला तेव्हा तू हसलास.

म्हणालास, "बॅटरीला शिव्या मागनं द्या, ड्रायव्हर. आदी बगू तिला खातंय कोन."

मग तू उठलास. अंगठ्यानं डायनामोचा पट्टा दाबून पाहिलास. बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी आली होती, ती सोड्याच्या गरम पाण्यानं धुतलीस. काचेच्या पिचकारीनं सहाही कप्प्यांतलं अ‍ॅसिड एकेक करून वर ओढलंस आणि आतला काटा किती तरंगतो ते डोळे बारीक करून पाहिलंस. कप्पे सगळे सारखेच कमी होते. "एखादाच मेला असता तर दोष बॅटरीचा," तू म्हणालास. "सगळी सारखी उपाशी हायत, म्हंजी घरात दुसराच कुनीतरी जेवतोय." डायनामोच्या दोन्ही तारा सोडून तिथं बल्ब लावलास आणि मला इंजिन हळूहळू वाढवायला सांगितलंस. बल्ब आधी तांबडा झाला, मग लख्ख. डायनामो शाबूत होता.

त्यानंतर तू जे केलंस त्यानं फोरमन वैतागला. इंजिन चालू करायचं, बंद करायचं, सगळे दिवे बंद आहेत ना पाहायचं, बॅटरीची तार काढायची आणि परत टेकवून पाहायची, ठिणगी पडते का. पडली नाही. परत चालू, परत बंद. असं सहा वेळा केलंस. सातव्या वेळी तार टेकवली आणि चट्दिशी ठिणगी उडाली. तू माझा हात धरलास आणि डायनामोजवळच्या छोट्या काळ्या डबीवर ठेवलास. डबी गरम होती.

"ह्यो कटाऊट," तू म्हणालास. "इंजिन चालू असंल तवा डायनामोची वीज बॅटरीकडं जाऊ देतो. इंजिन बंद झालं की ह्येनं दार लावून घ्यायचं. ह्येचं दार कदीमदी चिकटतंय. रातभर बॅटरी डायनामोत रिकामी हुती."

डबीतल्या चिकटणाऱ्या दोन टिकल्या तू बारीक पॉलिश कागदानं घासल्यास, त्यांच्यामधलं अंतर लावून दिलंस, आणि पुढं वर्ष-दीड वर्ष त्या गाडीनं मला एकदाही रस्त्यात उभं केलं नाही. मी तुझा दोस्त झालो तो तिथं. चाकणहून चिंचवडला काम नसतानाही येऊन बसायला लागलो.

पण तेव्हासुद्धा तुझी एक गोष्ट मला बघवत नसे. शिसं वितळवून त्याच हातांनी तू भाकरी मोडायचास. बोटं काळीभोर, नखांत करडी भुकटी. मी म्हणायचो, "नामा, हात तरी धू." तू चड्डीला पुसायचास आणि म्हणायचास, "शिसं हाय त्ये, इख न्हाई." अ‍ॅसिड कडक आहे का पाहायला तू बोट बुडवून जिभेला लावायचास. मी तोंड फिरवून बसायचो. त्यावर आपण किती वेळा भांडलो, आणि दर वेळी तू हसून मला गप्प केलंस.

मग ती नवीन बॅटरी आली. चाकणच्या एका बाईंनी नवऱ्याच्या स्मरणार्थ दवाखान्याला दिलेली. दवाखान्याच्या ओट्यावर टेबल मांडून तिच्यावर हार घातला, नारळ फोडला. त्या बाईंनी स्वतःच्या हातानं बॅटरीच्या बाजूला कुंकवाची दोन बोटं ओढली. बॅटरीच्या तोंडावर ओतलेल्या डांबराच्या कडेला ते कुंकू चिकटून बसलं, हे मी पाहिलं, कारण बॅटरी उचलून गाडीत मीच ठेवली. भाऊसाहेब म्हणाले, "बसवायला माझ्याकडं पाठवा, नीट चार्ज करून बसवू." मी गाडी गॅरेजात सोडली आणि दोन दिवसांनी घेऊन आलो. बॉनेट उघडून पाहायचंही मला सुचलं नाही. त्या दोन दिवसांत तू कुरुळीला होतास, घरी नांगरट होती.

पंधरा दिवसांत गाडी पुन्हा कण्हायला लागली. मी तुझ्याकडं आलो. तू पट्टा पाहिलास, डायनामो पाहिलास, कटाऊट पाहिलास. सगळं ठीक. मग पिचकारी लावलीस. पाच कप्पे बरे होते आणि तिसरा मेलेला. नव्या बॅटरीचा कप्पा पंधरा दिवसांत कसा मरतो, म्हणून तू खाली वाकलास. बॅटरीला ताजा काळा रंग दिलेला होता. तू नखानं तो खरवडलास. तिसऱ्या आणि चौथ्या कप्प्याला जोडणारी शिशाची पट्टी दिसली. तिच्यावर ओघळ होता, मेणबत्तीच्या मेणासारखा.

तू हळूच म्हणालास, "ही माज्या हातची पट्टी हाय, शंकर. ही बॅटरी मीच उगडली व्हती. भाऊसाहेबांच्या मोटारीची हाय."

भाऊसाहेबांची मोटार तिथंच सावलीला उभी होती. तू सरळ गेलास आणि बॉनेट उचललंस. मी तुझ्या मागं होतो. आत कोरी बॅटरी होती. आणि तिच्या बाजूला, डांबराच्या कडेला, कुंकू.

मी ते पाहिलं, नामा. तू माझ्याकडं वळून बघितलंस, मी मान डोलावली आणि तू बॉनेट खाली सोडलंस.

त्याच दिवशी तू चाकणला येऊन डॉक्टरांना सांगितलंस. डॉक्टर माणूस भला, पण भित्रा. त्यांनी कमिटी बोलावली. ओट्यावर पाच खुर्च्या, आपण दोघं खाली उभे. भाऊसाहेब अजिबात चिडले नाहीत. तंबाखूची चिमूट ओठांत धरून ते शांतपणे म्हणाले, "बॅटऱ्या उघडायचं काम हा करतो. अदलाबदल करायची अक्कल गॅरेजात कुणाला असेल तर ह्यालाच. चोरी पकडली जाणार असं दिसलं म्हणून आधीच माझ्यावर आळ घेऊन आलाय. माझ्या मोटारीत जुनीच बॅटरी आहे, या आणि बघा." अर्थात तोवर ती त्यांनी बदलली असणार. कुणी उठून बघायलाही गेलं नाही.

तू म्हणालास, "शंकरनं पायलंय. त्येला इचारा."

बाकीच्या चौघांनी माझ्याकडं पाहिलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय पाहिलंस, शंकर?"

माझी खोली दवाखान्याच्याच आवारात होती. मुलगी चार महिन्यांची होती आणि ओसरीत सुमन तिला मांडीवर घेऊन बसलेली मला दिसत होती. हे सगळं खरं आहे, आणि यातलं काहीही कारण म्हणून सांगायच्या लायकीचं नाही. भाऊसाहेब माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते. ते पिंक टाकायला ओट्याच्या कडेशी वाकले होते. त्यांना खात्री होती. त्यांच्या त्या पाठमोऱ्या खात्रीची मला अजून किळस येते, कारण ती बरोबर ठरली.

मी म्हणालो, "मी गाडी सोडून गेलो होतो, साहेब. मला काही ठाऊक नाही."

मला वाटलं होतं तू शिवी देशील, निदान थुंकशील. तू टोपी नीट केलीस आणि फाटकातून निघून गेलास. मुंबई रस्त्यावर काय आणि नाशिक रस्त्यावर काय, त्यानंतर तुला कुठल्याच गॅरेजानं उभं केलं नाही. कुरुळीत पोरंसोरं तुझ्या मुलींना बॅटरीचोराच्या पोरी म्हणायला लागली. हे मला बाजारात कळलं. मी भाजी घेतली आणि घरी आलो.

पुढच्या चैत्रातली गोष्ट. ऐन दुपारी डॉक्टरांनी एका बाळंतिणीला पुण्याला न्यायला सांगितलं. मूल आडवं होतं, आणि दोन दिवस सुइणीच्या हाती घालवून मग तिला आणलेली. तिचा नवरा आणि सासू सोबत. गाडीत तीच मेलेल्या कप्प्याची बॅटरी होती. तुला काढल्यावर तिच्याबद्दल बोलायची कुणाची प्राज्ञा नव्हती, माझी तर नव्हतीच. कुरुळीच्या अलीकडं कांद्याच्या गाड्या रस्त्यात अडकल्या होत्या. मी ब्रेक मारला आणि इंजिन बंद पडलं. सेल्फ मारला तर नुसता कट्‌ असा आवाज. हँडल मारून मारून माझ्या तळहाताची सालं निघाली. इंजिनाला ठिणगीच मिळत नव्हती. आत ती बाई आधी ओरडत होती, नंतर ओरडेनाशी झाली. ते जास्त वाईट होतं.

कुणीतरी गाडीवान म्हणाला, "त्या वावरात नामा हाय, त्येला बोलवा." मी नको म्हणालो नाही. हो म्हणायचीही मला लाज वाटली. तो गाडीवान पळत गेला.

तू बैल तसेच उभे करून आलास. पायाला माती, डोक्याला मुंडासं. माझ्याकडं बघितलं नाहीस. बॉनेट वर करून पहिल्यांदा पट्टा दाबलास आणि म्हणालास, "ढिला हाय. कदी बगितला व्हता?" मग तू त्या बॅटरीवर वाकलास, तिसऱ्या कप्प्यावर बोटानं टकटक केलंस. "ह्यो आता नुसता मेलेला न्हाई. आतनं तुटलाय. वाटच अडवून बसलाय." माझ्याकडचा मोठा पाना मागून घेतलास आणि त्या कप्प्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवा टाकून सुतळीनं आवळून बांधलास. म्हणजे मेलेला कप्पा वगळून वीज पुढं जाईल. पाना टेकताना ठिणग्या उडाल्या, तुझा अंगठा भाजला, कातडी करपल्याचा वास आला. तू हात झटकलास एवढंच. पट्टा ताणून दिलास आणि गाडीवानांना ओरडून म्हणालास, "लावा जोर."

दहा-बारा जणांनी ढकलली. दुसऱ्या धक्क्याला इंजिन लागलं.

"पुण्यापत्तुर बंद पडू देऊ नगं," तू म्हणालास. "उतारालाबी पाय काढू नगं." आणि पाना सुटला तर काय, म्हणून तू तसाच मातीच्या पायांनी माझ्या शेजारी चढून बसलास. वाटेत तीनदा उतरून तू सुतळी आवळलीस. मूल गेलं. बाई वाचली. तिच्या नवऱ्यानं हॉस्पिटलच्या दारात तुझे पाय धरले आणि तू त्याला उठवून म्हणालास, "ड्रायव्हरचं धर, त्येनं आनलं."

परतताना मी तोंड उघडलं. म्हणालो, "नामा, त्या दिवशी कमिटीत..."

"पट्टा बदल," तू म्हणालास. "ह्यो चिरलाय." आणि कुरुळीला उतरून गेलास.

आणि पुढचं ऐक. हे तुला माहीत होतं, पण माझ्या तोंडून कधी ऐकलं नाहीस. महिन्याभरानं दवाखान्याच्या ओट्यावर माझा सत्कार झाला. प्रसंगावधान दाखवून रुग्णाचे प्राण वाचवल्याबद्दल. भाऊसाहेबांच्या हस्ते शाल. त्यांचे तंबाखूचे हात माझ्या मानेला लागले, ओले होते. मी वाकलो, नारळ घेतला, शाल घेतली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझं नाव कुणी काढलं नाही. मीही काढलं नाही. घरी आल्यावर सुमननं ती शाल ट्रंकेच्या तळाशी घातली आणि म्हणाली, "ही मी पांघरणार नाही." तिनं मला आयुष्यात एवढंच बोलून दाखवलं. मुलीला तिनं ती थंडीतही लागू दिली नाही.

तू घरच्या गोठ्यात काम सुरू केलंस. बैल पुढच्या पडवीत बांधलेस आणि गोठ्यात चूल मांडून शिसं वितळवायला लागलास. ट्रकवाले गुपचूप यायचे. हात तुझ्यासारखा कुणाचा नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मीही यायला लागलो. तू मला हाकललं नाहीस, आणि त्याबद्दल मी तुझे पाय धरायला हवे होते. पण खरं सांगू, तुझ्या त्या शांतपणानं मी आतून कुढायचो. एकदा गोठ्यात शिरलो तर पुढ्यात भाऊसाहेबांच्या मोटारीची बॅटरी. त्यांनी ड्रायव्हरबरोबर पाठवलेली, स्वतः न येता. तू तिच्या प्लेटा ब्रशनं घासत होतास.

मी म्हणालो, "लाज नाही वाटत तुला? ह्या माणसाचं काम करतोस?"

"बॅटरीनं काय केलंय माजं?"

"बॅटरीनं नाही, त्यानं केलंय."

तू मान वर केलीस. "त्येनं केलं त्ये त्येचं. नीट झाली न्हाई तर लोक म्हंतील नामाला येत न्हाई. मला येतंय."

मी उठून बाहेर आलो आणि गोठ्याच्या भिंतीशी थुंकलो. तुझ्यावर नाही थुंकलो, पण तुला तसं वाटलं असेल. मला तू भांडायला हवा होतास. तू भांडला असतास तर मला तुझ्या बाजूला उभं राहता आलं असतं, असं मी स्वतःला सांगायचो. ते खोटं होतं. तू भांडला होतासच की, त्या ओट्यावर. तेव्हा मी कुठं उभा होतो?

गेल्या वर्षापासून तुझं पोट दुखायला लागलं. मुरडा यायचा, तू जमिनीवर गडाबडा लोळायचास. पार्वतीवहिनी ओवा द्यायच्या, एरंडेल द्यायच्या. तू पिवळट-करडा पडलास. हिरड्यांच्या कडेनं निळसर काळी रेघ दिसायला लागली, मला वाटलं तंबाखूची मशेरी. मग हाताची मनगटं लोंबायला लागली. चहाचा कप उचलताना तुझा पंजा फडक्यासारखा खाली पडायचा. तू डाव्या हातानं उजवं मनगट धरून शिसं ओतायचास. मी ते पाहत होतो. गाडीचा प्रत्येक कुरकुर करणारा आवाज तुझ्याकडून शिकलेला मी, आणि तुझ्याकडं बघून मला एवढंही सुचलं नाही की तुझ्यात काहीतरी मुरत चाललंय. शेवटी तुझं बोलणं अडखळायला लागलं तेव्हा मी डॉक्टरांना ओढून कुरुळीला आणलं. त्यांनी तुझा ओठ बोटानं खाली केला, ती रेघ बघितली, गोठ्यात जाऊन चुलीकडं, भांड्याकडं, धुरानं काळ्या झालेल्या छपराकडं बघितलं आणि बाजेवर बसले. म्हणाले, "हे शिसं आहे. वर्षानुवर्षं पोटात गेलंय, धुरातून गेलंय. गॅरेजात उघड्यावर बसायचा तेव्हा कमी जात असेल. इथं कोंडून घेतलं त्यानं स्वतःला."

कोंडून त्यानं घेतलं नव्हतं, हे डॉक्टरांनाही कळलं असावं.

पुण्याला तुला मीच घेऊन गेलो. वहिनी मागं, तू स्ट्रेचरवर. आळंदीच्या फाट्याजवळ वहिनी पाणी आणायला उतरल्या तेव्हा गाडीत आपण दोघंच होतो. तू मला खुणेनं जवळ बोलावलंस. तुझी जीभ जड झाली होती, एकेक शब्द सुटा काढत होतास.

"शंकर, त्या दिशी... कुंकू व्हतं न्हवं बॅटरीला?"

मी म्हणालो, "होतं."

"तुला दिसलं व्हतं?"

"दिसलं होतं, नामा."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलास. मग म्हणालास, "बरं झालं. मला वाटाय लागलं व्हतं, मलाच दिसलं का काय."

आठ वर्षं, नामा. आठ वर्षं तू स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेत होतास. मला वाटायचं तू मला माफ केलंस म्हणून गप्प आहेस. तुला माझा राग नव्हता, तुला स्वतःचीच खात्री राहिली नव्हती, आणि ती मी काढून घेतली होती, एका वाक्यानं. वहिनी तांब्या घेऊन आल्या आणि मी स्टिअरिंगवर जाऊन बसलो. तिसऱ्या दिवशी तुला झटके आले आणि त्यातच तू गेलास.

दहाव्याला इंद्रायणीच्या काठी भाऊसाहेब मोटारीनं आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी. भाषण करायला उभे राहिले. "नामदेव माझ्या मुलासारखा होता. त्याची कला मीच ओळखली. मध्यंतरी त्याचं पाऊल जरा वाकडं पडलं, पण मी ते कधी मनात ठेवलं नाही. मी त्याला केव्हाच क्षमा केली होती." असं म्हणाले, नामा. तुझ्या दहाव्याला. तुला क्षमा केली म्हणाले. आणि लोकांनी माना डोलावल्या. दोघा-तिघांनी डोळे पुसले.

मी बाभळीमागं जाऊन ओकलो. पोटात काही नव्हतं, नुसतं आंबट पाणी आलं. तोंड धुवून परत आलो आणि भाषण संपायच्या आत उभा राहिलो. मी सांगितलं. दवाखान्याची बॅटरी यांनी स्वतःच्या मोटारीत बसवली, मी कुंकवासकट ती पाहिली, मला कमिटीत विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. पाना कुणी बांधला, शाल कुणी घेतली, तेही सांगितलं. कुणीतरी मागून म्हणालं, "अहो, आजच्या दिवशी हे कशाला?" सरपंचांनी मला खांद्याला धरून खाली बसवायला बघितलं. भाऊसाहेब एवढंच म्हणाले, "दुःखानं माणसाचं डोकं फिरतं." आणि मोटारीत बसून गेले. त्यांची मोटार पहिल्या झटक्याला लागली.

लोक उठून गेले. पार्वतीवहिनी पदर सावरून माझ्यासमोर आल्या. मला वाटलं, बरं केलंत म्हणतील. हरामखोर मन, त्या वेळीसुद्धा शाबासकीच शोधत होतं.

त्या म्हणाल्या, "भावजी, ह्ये तवा बोलाया पायजे व्हतं. आन् हितं न्हाई. तितं."

म्हणून काल मी डॉक्टरांकडं गेलो. म्हटलं, कमिटीच्या वहीत तेव्हा जे लिहिलं त्याच्याखाली माझी जबानी लिहा. डॉक्टर म्हणाले, "शंकर, तो गेला. आता लिहून काय होणार? तुझी खोली मात्र जाईल." मी म्हटलं, लिहा. त्यांनी चष्मा दोनदा पुसला. मग जुनी वही काढली, पान शोधलं आणि लिहायला बसले. मी सही केली. त्यांनी स्वतःचीही केली, आणि ते मला अपेक्षित नव्हतं. तिची नक्कल मागितली तर तीही स्वतःच्या अक्षरात करून दिली. सुमननं सामान बांधायला घेतलंय. पिंपरीत कारखाने उभे राहतायत, तिथं ट्रकवर काहीतरी मिळेल. नाही मिळालं तर बघू.

आज दुपारी नक्कल घेऊन मी कुरुळीला गेलो. वहिनी गोठा धूत होत्या. तुझ्या चुलीचे दगड बाहेर काढून टाकले होते, जमीन खरवडून काढली होती. त्यांना वाचता येत नाही. मी उभ्या उभ्याच वाचून दाखवलं: "दवाखान्याची बॅटरी नामदेव याने बदललेली नव्हती. त्याने सांगितले ते खरे होते. ते मी पाहिले होते आणि कमिटीपुढे लपवले." त्यांनी परत वाचायला सांगितलं. मी वाचलं. तिसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा वाचलं.

"बास," त्या म्हणाल्या. झाडू खाली ठेवून त्यांनी ओल्या हातांनी चेहरा पुसला आणि घराकडं तोंड करून दोन्ही मुलींना हाका मारल्या. मग माझ्याकडं वळल्या.

"आता पोरींस्नी वाचून दावा."